दोघांपैकी कुणीही बाहेर पडल्यास

कडू संत्र्याची साल एकदा सोलली की काम मध्येच सोडता येत नाही. साल वाळली की वळत नाही, आणि वळली नाही की तिचा मुरंबा होत नाही, नुसता कचरा होतो. त्यामुळे ग्रीक बेटावरच्या कालोपेत्रा गावच्या महिला सहकारी संस्थेत हॉलंडची मंडळी करार करायला आली, त्या शुक्रवारीही बायका हातातलं काम घेऊनच बसल्या होत्या. सालीची पट्टी घ्यायची, बोटाभोवती घट्ट गुंडाळायची आणि सुईनं दोऱ्यात ओवायची. अशा माळा टेबलाच्या कडेनं लोंबत होत्या आणि त्यांच्या कडवट वासानं वकीलसाहेबांना सारख्या शिंका येत होत्या.

वकील किमोन द्राकातोस अथेन्सचे, हॉलंडच्या कंपनीच्या बाजूचे. दस्त मितिलिनीला, बेटाच्या मुख्य शहरात, नोटरीच्या कचेरीत व्हावा, अध्यक्षीणबाईंनी एकटीनं यावं, सही करावी आणि आपण दुपारच्या विमानानं परत जावं, असा त्यांचा बेत होता. पण संस्थेच्या नियमात एक वाक्य होतं: इमारतीला हात लागेल अशा कुठल्याही कागदावर सही होताना सगळ्या सभासद हजर पाहिजेत. इमारत म्हणजे साबणाचा जुना कारखाना. बायकांनी तो पडका घेतला होता, स्वतः विटा वाहून उभा केला होता. नियम करताना गावातले पुरुष हसले होते. आता त्याच नियमापायी अथेन्सचा वकील मुरंब्याच्या कढयांमध्ये बसला होता आणि नोटरी पोलिक्सेनीबाई आपला शिक्का पिशवीत घालून डोंगर चढून आल्या होत्या.

मिर्सिनी अध्यक्ष. पूर्वी ती मितिलिनीच्या बँकेत काउंटरवर बसायची. मागच्या वर्षी शाखा बंद झाली, तेव्हापासून पूर्ण वेळ संस्थेत. आज तिचे हात कामाला नव्हते. ती पाहुण्यांच्या समोर बसली होती आणि मनातल्या मनात देवाला एकच सांगत होती की हे लवकर उरकू दे.

कारण तसंच होतं. बेटावरच्या हॉटेलांनी ऑर्डरी बंद केल्या होत्या, बरण्यांचा कारखानदार आधी रोख टाका म्हणत होता, आणि अथेन्सच्या दुकानदारांनी तर फोन उचलणंच सोडलं होतं. दोन हजार बाराचा मार्च होता, सगळ्या देशाचीच ही गत. हॉलंडची कंपनी पाच वर्षं सगळा माल उचलणार होती, नव्या कढया आणि यंत्रं देणार होती. यंत्रांचे हप्ते संस्थेनं फेडायचे, आणि ते फिटेपर्यंत इमारत तारण. हा करार झाला नाही तर ईस्टरनंतर दाराला कुलूप, हे मिर्सिनी जाणून होती. अडला हरी म्हणतात तशी तिची अवस्था होती, फक्त समोरचा माणूस गाढव नव्हता, चांगला होता. योरिस टेरप्स्ट्रा, कंपनीचा खरेदी अधिकारी, मागच्या खेपेला तीन बशा मुरंबा खाऊन गेला होता. आजही त्याच्यापुढे बशी आणि थंड पाण्याचा ग्लास ठेवला होता, आणि तो चमचा चाटत सगळ्यांकडे बघून हसत होता. ग्रीक त्याला बेताचीच कळायची.

पोलिक्सेनीबाईंनी चष्मा लावला. नोटरीनं सगळा दस्त मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि मगच सह्या घ्यायच्या, हा कायदाच आहे. पण कायदा आणि रिवाज यांच्यात थोडी जागा असते, आणि द्राकातोससाहेबांनी आयुष्य त्या जागेत काढलं होतं.

"पहिली पाच पानं व्याख्यांची आहेत," ते घड्याळाकडे बघत म्हणाले. "त्या वाचल्या असं धरू या. नेहमीचंच आहे सगळं. सरळ दर आणि मुदतीवर या, बाई."

मिर्सिनी याच वाक्याची वाट बघत होती. पंधरा वर्षं बँकेत काढल्यावर तिला ठाऊक होतं की व्याख्या कुणी वाचत नाही, कुणी ऐकत नाही. नोटरीसुद्धा "वगैरे वगैरे" म्हणून पान उलटतात. तिनं स्वतः मात्र मसुदा आला तेव्हा रात्र जागून त्या वाचल्या होत्या. आणि वाचून कुणाला काही बोलली नव्हती.

"धरायचं काय त्यात," पोलिक्सेनीबाई म्हणाल्या. "चार महिन्यांनी एक धड दस्त माझ्या हाताखालून जातोय. पुरता वाचणार."

आणि त्यांनी सुरुवात केली. माल म्हणजे काय, बरणी म्हणजे काय, वर्ष म्हणजे काय. बायका ओवत होत्या. 'बरणी म्हणजे झाकण असलेले काचेचे भांडे' हे ऐकून ग्लिकेरियानं, म्हणजे पाकाची एकतारी-दोनतारी ठरवणाऱ्या बाईनं, शेजारणीला कोपर मारलं.

"बघ, इतकी वर्षं कशात भरत होतो ते आज कळलं."

खसखस पिकली. योरिसही हसला, काही न कळता.

"'आर्थिक आणि चलन संघ'," पोलिक्सेनीबाई वाचत होत्या, "म्हणजे युरोपीय तहांनुसार स्थापन झालेला आणि वेळोवेळी असेल तसा संघ. 'सहभागी राष्ट्र' म्हणजे ज्या राष्ट्राने युरो हे चलन स्वीकारले आहे आणि जे त्या त्या वेळी या संघात टिकून आहे असे राष्ट्र. 'बहिर्गमन' म्हणजे पुरवठादाराचे राष्ट्र सहभागी राष्ट्र न राहणे. बहिर्गमन झाल्यास, खरेदीदाराने द्यावयाच्या रकमांच्या बाबतीत 'युरो' या शब्दाचा अर्थ पुरवठादाराच्या राष्ट्राचे नवे चलन, एकास एक या प्रमाणात, असा होईल. पुरवठादाराने द्यावयाच्या रकमांच्या बाबतीत 'युरो' या शब्दाचा अर्थ उर्वरित सहभागी राष्ट्रांचे चलन असाच राहील."

स्तामातियामावशीची सुई हवेतच थांबली. मावशी संस्थेतली सगळ्यात मोठी, सत्तरीच्या पुढची. तिचं तोंड तिखट, पण कान त्याहून तिखट.

"पोरी, परत वाच ते," ती नोटरीला म्हणाली. पन्नाशीच्या नोटरीबाई निमूटपणे परत वाचू लागल्या.

"म्हणजे असं," मावशी बोटावरची साल न सोडता म्हणाली, "उद्या आपल्या देशाला युरोतून हाकललं आणि आपला जुना द्राख्मा परत आला, तर हा गोड मुलगा आपल्याला दहा युरोच्या मालाचे दहा द्राख्मे देणार, त्यांची किंमत निम्मीही नसली तरी. आणि आपण त्याच्या यंत्राचे दहा युरो द्यायचे ते मात्र युरोच. बरोबर सांगते ना मी?"

"तांत्रिकदृष्ट्या..." द्राकातोस म्हणाले.

"तंत्र राहू द्या. बरोबर की चूक?"

"बरोबर. पण मावशी, हे कधी वापरायचं कलम नाही हो. उत्तरेकडून येणाऱ्या प्रत्येक करारात हल्ली हे असतं. घराचा विमा काढता ना? म्हणून काय घर जळतं?"

"विमा घर ज्याचं असतं तो काढतो. शेजाऱ्यानं माझ्या घराचा विमा काढला तर मी रात्री जागी राहीन."

पोलिक्सेनीबाई खोकल्या. नोटरीनं कुणाची बाजू घ्यायची नसते, पण समजावून सांगणं तिचं काम असतं. "एक नोंद करते," त्या म्हणाल्या. "युरो सोडून बाहेर पडायचं कसं, याचं कलमच तहांमध्ये नाही. दारच ठेवलेलं नाही."

"म्हणून तर करारात ठेवावं लागतं," द्राकातोस म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे बोलायला नको होतं.

स्तामातियामावशी आता त्यांच्याकडे बघत नव्हती. ती मिर्सिनीकडे बघत होती.

"मिर्सिनी, हे तुला माहीत होतं?"

खोटं बोलायला जागा होती. मसुदा मोठा होता, भाषा किचकट होती, नजरेतून सुटलं म्हटलं असतं तर बायकांनी मानलं असतं. मिर्सिनीच्या जिभेवर ते आलंही. पण या बायकांनी तिला अध्यक्ष केलं होतं ते ती कागद वाचते म्हणूनच.

"माहीत होतं," ती म्हणाली.

"आणि?"

"आणि गप्प बसले. वाटलं, वाचताना हे गाळतील. वाटलं, तसं काही व्हायचंच नाही. आणि झालं तरी निदान तोवर काम चालू राहील." तिचे कान तापले होते. "करार नाही तर ईस्टरनंतर हे दार बंद आहे, मावशी. बाकी सगळीकडे विचारून झालंय."

राल्लू, जी एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, खाली मान घालून म्हणाली, "युरो आला आणि मी बँकेत द्राख्मे बदलायला आले होते, तेव्हा तूच म्हणाली होतीस, ताई. घाबरू नका, यातून आता कुणी कुणाला काढू शकत नाही. माझ्या आईनं गादीत शिवलेले पैसे तुझ्या शब्दावर उसवले."

ते मिर्सिनीला लागलं. तिला लाज वाटली, आणि लाज वाटता वाटताच संताप आला. आधी स्वतःचा आला. मग टेबलावरच्या त्या पानाचा आला, जे इतक्या सभ्य शब्दांत सांगत होतं की तुम्ही आत बसलेले असलात तरी आम्ही तुम्हाला उंबऱ्याबाहेरच धरलंय. तिनं दहा वर्षांपूर्वी लोकांना जे सांगितलं होतं ते काही मनचं सांगितलं नव्हतं. तिलाही तसंच सांगण्यात आलं होतं, साहेबांच्या सहीनिशी.

"लग्न लागायच्या आधीच काडीमोडाचा कागद," स्तामातियामावशी पुटपुटली. "आणि तोही बायकोच पळून जाईल असं धरून. नवरा म्हणजे देवमाणूस."

मिर्सिनीनं ते ऐकलं आणि मान वर केली.

"वकीलसाहेब, कलम राहू द्या," ती म्हणाली.

द्राकातोसांचा जीव भांड्यात पडला. "शहाण्या आहात तुम्ही."

"राहू द्या, फक्त थोडं बदला. 'पुरवठादाराचे राष्ट्र' असं आहे तिथे 'दोघांपैकी कुणाचेही राष्ट्र' असं लिहा. आम्ही बाहेर पडलो तर तुम्ही आम्हाला द्राख्मे द्या, एकास एक. हॉलंड बाहेर पडलं तर आम्हाला तुमचे जुने गिल्डर द्या, एकास एक. आणि आम्ही देणं लागतो ते पण तसंच. जो बाहेर जाईल त्याचं नाणं दोन्हीकडून. सांगा त्यांना."

द्राकातोस हसले. "अहो, हॉलंड कशाला बाहेर पडेल?"

"ग्रीस कशाला पडेल?"

"अहो बाई, पेपर वाचता ना?"

"वाचते. हॉलंडचेही वाचते. तिथेही परत गिल्डर आणा म्हणणारे लोक आहेत, मतं मागतायत त्यावर. आणि न पडणार असाल तर लिहायला काय हरकत आहे? कधी वापरायचं कलमच नाही, तुम्हीच म्हणालात. तुम्ही विमा म्हणालात ना? मग दोन्ही घरांचा काढू."

वकिलानं इंग्रजीत योरिसला सांगितलं. योरिसच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग तो विचारात पडला, मग म्हणाला की यात चूक काही दिसत नाही, पण कचेरीत विचारावं लागेल. तो फोन घेऊन अंगणात गेला. खिडकीतून बायकांना तो लिंबाच्या झाडाभोवती फेऱ्या मारताना दिसत होता. सुरुवातीला त्याचा मोकळा हात बोलताना हवेत हलत होता. मग तो हात खिशात गेला. मग तो नुसताच ऐकत उभा राहिला.

आत आला तेव्हा त्यानं खुर्ची ओढली नाही. उभ्यानंच वकिलाला सांगितलं आणि वकिलानं जमेल तेवढं मऊ करून ग्रीकमध्ये आणलं: कंपनीला तुमच्याबद्दल आदर आहे. पण हॉलंडचं बाहेर पडणं ही कल्पनेतली गोष्ट आहे, आणि कंपनी कल्पनेतल्या गोष्टींवर करार करत नाही. मसुदा आहे तसा. आज सही झाली नाही तर पलीकडच्या किनाऱ्यावर, तुर्कस्तानात, दुसरा पुरवठादार तयार आहे.

"आमचं बाहेर पडणं कल्पनेतलं नाही, तेवढं त्यांना पक्कं माहीत आहे," मिर्सिनी म्हणाली.

द्राकातोस तिच्याकडे झुकले. आवाज खाली आणला, आणि तो पहिल्यांदाच वकिलासारखा वाटला नाही. "ताई, ऐका माझं. माझ्या बायकोचा पगार निम्मा झालाय. मी पण असल्या कागदांवरच जगतो. हे सगळं मानाचं आहे, कळतं मला. पण मान खाता येत नाही. करा सही."

ते मनापासून बोलत होते, हे मिर्सिनीला कळत होतं. तिनं बायकांकडे पाहिलं. त्यांच्यात एकीचा नवरा जहाजावरून परत पाठवलेला होता, दुसरीची दोन्ही मुलं घरी बसलेली. पाच वर्षांचं काम त्या टेबलावर पडलं होतं. आता नाही म्हणायचं तर या सगळ्यांच्या वतीनं म्हणावं लागणार होतं.

"हात वर करा," ती म्हणाली. "ज्यांना सही हवी आहे त्यांनी. कुणाला राग यायचं कारण नाही."

राल्लूचा हात अर्ध्यावर आला. बोटाला सालीची माळ तशीच लोंबत होती. तिनं माळेकडे पाहिलं, वकिलाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. दुसरा कुणाचाच आला नाही.

"नाही म्हणून सांगा त्यांना," मिर्सिनी म्हणाली.

द्राकातोसांनी खांदे उडवले आणि कागद गोळा करायला लागले. तेवढ्यात स्तामातियामावशीनं टेबलावर हात ठेवला.

"थांबा. नोटरीबाई, तू इतक्या लांब आलीस. दस्त तर व्हायलाच पाहिजे. आम्ही सही का केली नाही, ते लिहून घे."

"त्याला निवेदनाचा दस्त म्हणतात," पोलिक्सेनीबाई म्हणाल्या. "होऊ शकतो. मुद्रांक लागेल, फी लागेल."

"बरण्या घे."

"बरण्या सरकार घेत नाही, मावशी. माझी फी मात्र बरण्यांत चालेल. मुद्रांकाचं मी बघते." त्यांनी कोरा कागद काढला. "आधी व्याख्या लागतील. दस्तात 'आर्थिक आणि चलन संघ' हा शब्द येणार असेल तर तो म्हणजे काय, ते सांगा. तुमच्या मते."

यावर बायकांमध्ये जी भांडणं झाली ती त्या इमारतीनं आजवर ऐकली नव्हती. ग्लिकेरिया म्हणाली, नफ्याचा उल्लेख पाहिजे. कुणी म्हणालं, त्यात अथेन्सच्या चोरांचाही उल्लेख पाहिजे, सगळा दोष परक्यांवर कशाला. ते सगळ्यांना पटलं, पण चोरांची व्याख्या करायची तर रात्र होईल म्हणून सोडून दिलं. शेवटी मावशीनं सांगितलं आणि पोलिक्सेनीबाईंनी जसंच्या तसं उतरवलं:

"'आर्थिक आणि चलन संघ' म्हणजे एका कढईखाली सगळ्यांनी मिळून जाळ घालायचा आणि कढईतलं सगळ्यांनी खायचं. जाळ कमी पडला तर एकमेकींना वाटेल त्या शिव्या द्याव्यात. पण जाळ कमी पडतो म्हणून कुणाला लाकूड समजून आत सारू नये."

"'सगळे' म्हणजे कोण?" पोलिक्सेनीबाईंनी लेखणी न उचलता विचारलं. "हे मोघम राहील."

उत्तर मिर्सिनीनं दिलं. "सगळे म्हणजे आज जे बसलेत ते. उद्या कोण टिकेल त्यावर नाही ठरायचं. आजची तारीख घाला."

योरिस दाराशी उभा होता. त्यानं वकिलाला विचारलं, काय लिहितायत. वकिलानं सांगितलं. ऐकताना त्याचा गोरा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं, मीही याला साक्षीदार म्हणून सही करू का, असं विचारलं.

"नको म्हणावं," मिर्सिनी म्हणाली. "त्यांना नोकरी आहे. आणि सही करायचा कागद त्यांच्याकडे होता, तिथे त्यांनी शब्द बदलला नाही. इथे सही करून बरं वाटून घेऊ नये."

वकिलानं हे मऊ केलं नाही. जसंच्या तसं सांगितलं. योरिसनं मान हलवली आणि रिकामी बशी हातातच घेऊन उभा राहिला, ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना. ग्लिकेरियानं ती त्याच्या हातून घेतली. "पाणी पिऊन जा म्हणावं," ती म्हणाली. "पाणी न पिता कुणी जात नाही इथून."

पाहुण्यांची गाडी उताराला लागल्यावर पोलिक्सेनीबाईंनी दस्त पुरता वाचला आणि एकेक बाई पुढे येऊन सही करू लागली. पाकानं चिकटलेल्या बोटांचे ठसे कागदाच्या कडेला उमटत होते. नोटरीबाईंनी दोनदा हात पुसायला सांगितलं आणि मग नाद सोडला. राल्लूनं आपलं नाव पूर्ण लिहिलं, बापाच्या नावासकट. सगळ्यात शेवटी मिर्सिनीनं लेखणी घेतली, आणि थांबली.

"मावशी, मी अध्यक्ष म्हणून सही करू की नुसती?"

"अध्यक्ष म्हणून. दुसरी आणू कुठून? पण पुन्हा आमच्यापासून कागद लपवलास तर दोऱ्यात ओवीन."

तिनं सही केली. बाहेर संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली, पण कुणी उठलं नाही.

"सोमवारी काय?" ग्लिकेरियानं विचारलं. सगळ्यांच्याच मनात तेच होतं.

मिर्सिनीला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. ते तिला जमलं नाही, आणि आज तसं बोलायची तिची इच्छाही नव्हती. "सोमवारी काही नाही," ती म्हणाली. "मंगळवारीही नाही. आजच्या बरण्या कोण घेईल तेही मला माहीत नाही. ईस्टरनंतर आपण बहुतेक बंद होऊ."

राल्लूनं डोळे पुसले, उघडपणे, तोंड न फिरवता. मग स्तामातियामावशीनं आपली माळ उचलून कढईत सोडली आणि जाळ वाढवायला खाली वाकली.

"बंद झालो तर आपण होऊन होऊ," ती चुलीशी बोलल्यासारखी म्हणाली. "इमारत आपली, कढई आपली. आम्हाला बाहेर काढलं, असं नाही सांगणार कुणी."